विनोद पाठ असतानाही हसू येतं ते कशामुळे? जुने विनोदी चित्रपट पटकथेच्या अंगाने पाहताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्यांचे संवाद पाठ झालेत असे जुने विनोदी चित्रपट आता लेखकाच्या नजरेने पुन्हा पाहायचे आहेत. तेव्हा नेमकं कुठे बघायचं? पुढे काय होणार हे ठाऊक असूनही हसू का येतं? आणि अशी चिरफाड केल्यावर मजा निघून तर जाणार नाही ना? मी बरीच वर्षं पटकथा लिहितो आणि शिकवतो. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. मजा जात नाही, तिची जागा बदलते. पहिल्यांदा हसतो तेव्हा त्यातलं बरंचसं हसू धक्क्याचं असतं. दार उघडतं आणि भलताच माणूस समोर येतो, वाक्य भलत्याच ठिकाणी जाऊन संपतं. दुसऱ्या वेळी तो धक्का उरत नाही. तरीही हसू येत असेल, तर ते दुसऱ्या कशातून तरी येतंय, आणि ते दुसरं जे काही आहे ती पटकथा. नुसत्या धक्क्यावर उभा असलेला विनोद दुसऱ्या खेपेला लंगडतो. पात्राच्या गरजेवर उभा असलेला विनोद मात्र वाढतो, कारण तो माणूस खड्ड्याच्या दिशेने चालत निघालाय हे आपल्याला आता पहिल्या पावलापासून दिसत असतं. म्हणून पुन्हा पाहणं ही विनोदी लेखनाची सगळ्यात कडक परीक्षा आहे असं मी मानतो.

तेव्हा पहिली गोष्ट शोधायची ती गरज. बिली वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड यांनी लिहिलेला ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) घ्या. जो आणि जेरी हे दोन वादक बायकांचे कपडे घालून बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात, एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ही मूळ कल्पना वाइल्डर-डायमंडची नव्हती. ती १९३५च्या एका फ्रेंच चित्रपटातून आणि पुढे १९५१मध्ये त्यावरून झालेल्या जर्मन चित्रपटातून आली. तिथे वादक वेशांतर करतात ते काम मिळावं म्हणून. वाइल्डर आणि डायमंड यांनी त्यात गँगस्टर आणले. १९२९च्या शिकागोत झालेलं सेंट व्हॅलेंटाइन्स डेचं हत्याकांड या दोघांच्या डोळ्यांसमोर घडतं आणि त्यानंतर त्यांना लपायचं असतं. हा बदल किती मोठा आहे ते बघा. नोकरीसाठी साडी नेसलेला पुरुष, उदाहरणापुरतं म्हणतो, कधीही ‘पुरे झालं’ म्हणून ती फेडू शकतो. जीव वाचवण्यासाठी सोंग घेतलेल्या माणसाला ती सोयच नाही. दुसऱ्या अंकात कितीही अडचण आली तरी ‘मग हे सोंग टाकून का देत नाहीत?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उगवत नाही. वेशांतराच्या ज्या शेकडो विनोदी गोष्टी मध्यावर ढेपाळतात, त्यांच्यात हा प्रश्न उगवलेला असतो.

आणि ही गरज त्यांनी कशी आणली तेही पुन्हा पाहतानाच लक्षात येतं. हत्याकांडाच्या आधीच, एजंटच्या ऑफिसात, बायकांच्या वाद्यवृंदात दोन जागा आहेत हे कळतं आणि जेरी सुचवतो, आपणच बायका होऊन जाऊ या. कडकी आहे, थंडी आहे, पोटात काही नाही. जो त्याला वेड्यात काढतो. प्रेक्षक एकदा हसतो आणि विसरतो. मग गॅरेजमध्ये गोळ्या चालतात, आणि आता जो स्वतःच बारीक आवाजात एजंटला फोन लावतो. एकच कल्पना दोनदा आली: एकदा भुकेपोटी, तेव्हा नाकारली गेली, एकदा भीतीपोटी, तेव्हा स्वीकारली गेली. भूक पुरेशी नाही, मरणच हवं, हे लेखकांनी एकही समजावणीचं वाक्य न लिहिता दाखवलं. त्या फोननंतर थेट रेल्वेच्या फलाटावर उंच टाचांत अडखळणारे पाय दिसतात. कपडे कुठून आणले, दाढी कशी केली, चालायचा सराव कुठे केला, यातलं काहीच नाही. नवा लेखक तिथे हमखास पाच मिनिटांचा ‘तयारीचा’ प्रसंग लिहितो, कारण तो लिहायला सोपा आणि हुकमी हशाचा असतो. तो गाळता येणं याला मी हिंमत म्हणतो.

आता याच्या शेजारी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ठेवा. पटकथा-संवाद वसंत सबनीस यांचे, दिग्दर्शन सचिन यांचं, आणि कथेची मुळं हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६). इथे जिवाची भीती नाही, डोक्यावरच्या छपराची आहे. घरमालकीण लीलाबाईंना बिऱ्हाड हवंय ते नवराबायकोचं. चार ब्रह्मचारी, म्हणून दोघांनी बायका व्हायचं. गरज छोटी वाटते, पण ती टिकते, कारण घर गेलं की चौघंही रस्त्यावर येणार. म्हणजे एकाचं सोंग उघडं पडलं तर बाकी तिघांचाही आसरा जातो. जीव टांगणीला नसला तरी माघारीचा रस्ता बंद आहे, आणि गोष्टीला तेवढं पुरतं. पुढे ज्या सोंगामुळे घर मिळालं तेच सोंग प्रेमाच्या आड येतं, आणि गाठ आणखी आवळते.

आपण त्यातली वाक्यं एकमेकांना ऐकवतो आणि हसतो, पण ती वाक्यं सुटी करून कागदावर लिहून पाहा. अगदी साधी आहेत. चौघांपैकी एकाच्या, घाबरलेल्या धनंजयच्या, तोंडून बायकोची ओळख करून देताना पुल्लिंग निसटतं, त्यावर प्रेक्षागृह कोसळतं. त्या क्षणी त्याला काय लपवायचंय आणि पकडला गेला तर काय जाणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून कोसळतं. जीभच खरं बोलून मोकळी होते. या गरजेवाचून तेच वाक्य नुसती व्याकरणाची चूक ठरेल. ‘संवाद जबरदस्त आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण बहुतेक वेळा प्रसंगाचं कौतुक करत असतो.

दुसरी शोधायची गोष्ट म्हणजे ज्याला फसवायचं आहे तो माणूस. यावर फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते अर्धी पटकथा तिथेच असते. ‘गोलमाल’ (१९७९) मधले भवानीशंकर, म्हणजे नायक रामप्रसादचे साहेब, मूर्ख नाहीत. त्यांचं स्वतःचं पक्कं तत्त्वज्ञान आहे: मिशी हा पुरुषाच्या चारित्र्याचा पुरावा, आणि खेळ-संगीताचा नाद असलेला तरुण वाया गेलेला. रामप्रसादचं पहिलं खोटं त्या तत्त्वज्ञानाच्या मापाने शिवलेलं आहे. नोकरीसाठी तो त्यांना हवा तसा तरुण होतो. मग आईच्या आजारपणाचं निमित्त सांगून हॉकीचा सामना बघायला जातो आणि तिथे नेमका साहेबांना दिसतो. आता जुळा भाऊ हवा, आणि तो बिनमिशीचा हवा. आणि आई तर मुळात हयातच नाही, त्यामुळे पुढे आईही उभी करावी लागते. या साखळीत लेखकाला सुचली म्हणून टाकलेली एकही कडी नाही. प्रत्येक खोटं आधीच्या खोट्याचं कर्ज फेडायला जन्माला येतं.

सचिन भौमिक यांची पटकथा आणि राही मासूम रझा यांचे संवाद असलेल्या त्या चित्रपटात एक गोष्ट पुन्हा पाहताना मला दर वेळी थक्क करते. ज्या जुळ्या भावाचा भवानीशंकरांना तिटकारा, त्यालाच ते मुलीला गाणं शिकवायला घरात घेतात; मुलगी त्याच्या प्रेमात पडते, आणि वडिलांना जावई म्हणून हवा असतो मिशीवाला. एका माणसाचे दोन तुकडे आणि एका घरातली दोन माणसं त्यातला एकेक तुकडा धरून बसलेली. इथून पुढे खलनायकाची गरजच राहत नाही. भवानीशंकर कुणाचंही वाईट चिंतत नाहीत. त्यांना आपल्या मुलीचं भलं हवंय, आणि त्यातूनच सगळा गोंधळ होतो. फसवला जाणारा माणूस नुसता बावळट दाखवला की प्रत्येक प्रसंगात धोका कमी होतो. तो हुशार आणि हट्टी असला, की साधं दार वाजलं तरी छातीत धस्स होतं. लीलाबाईंचा नियम, भवानीशंकरांची मिशी, बायकांच्या वाद्यवृंदाची अट: प्रत्येक ठिकाणी सोंगाचा आकार समोरच्याच्या अटीने ठरलाय. जुना विनोदी चित्रपट पुन्हा लावाल तेव्हा आधी हे विचारा: इथे अट कुणाची आहे, आणि ती त्याला इतकी प्रिय का आहे?

तिसरी गोष्ट: कुणाला काय माहीत आहे. हा विनोदी पटकथेचा हिशेब आहे आणि तो खरोखर कागदावर मांडता येतो. प्रत्येक प्रसंगासाठी पात्रांची नावं लिहायची आणि पुढे लिहायचं, या घडीला याला काय ठाऊक आहे, काय चुकीचं ठाऊक आहे, आणि प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. चांगल्या चित्रपटात प्रेक्षक जवळपास नेहमी एखाद-दुसऱ्या पात्राच्या पुढे असतो, पण सगळ्यांच्या पुढे नसतो. असा तक्ता एकदा केलात की प्रसंग कुठे मंदावतो त्याचं कारण बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं: त्या प्रसंगात कुणाच्याच माहितीत फरक पडलेला नसतो.

या हिशेबाचा सगळ्यात सुंदर नमुना वाइल्डर-डायमंड जोडीच्याच ‘द अपार्टमेंट’मध्ये (१९६०) आहे. बॅक्स्टर हा विमा कंपनीतला कारकून आपलं राहतं घर वरिष्ठांना त्यांच्या भानगडींसाठी वापरायला देतो, बढतीच्या आशेने. एकदा त्याला घरात कुणा बाईची पावडरची छोटी डबी सापडते, तिचा आरसा तडकलेला असतो. तो ती डबी मोठ्या साहेबांना, शेल्ड्रेकला, परत देतो. ती बाई कोण हे त्याला ठाऊक नाही, आपल्याला आहे: बॅक्स्टरला मनापासून आवडणारी, लिफ्ट चालवणारी फ्रॅन. पुढे नाताळच्या पार्टीत बॅक्स्टर नवी हॅट घालून मिरवतो, आणि कशी दिसते ते बघायला फ्रॅन त्याला आपली डबी उघडून देते. तडकलेला आरसा. त्यात त्याचा स्वतःचा, दोन तुकडे झालेला चेहरा. कुणी काही सांगत नाही, कुणी कबुली देत नाही. तो फक्त आरसा फुटलाय म्हणतो, आणि ती म्हणते, माहीत आहे, मला तो तसाच आवडतो, मला जसं वाटतं तशी त्यात दिसते.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा आधी एक काम देतो: बॅक्स्टरला फ्रॅनबद्दल कळतं, एवढाच प्रसंग तुम्ही लिहा. जवळपास सगळे चोरून ऐकलेलं संभाषण लिहितात, नाहीतर चिठ्ठी, नाहीतर दारातून दिसलेलं आलिंगन. यातलं काहीच चूक नाही. पण आरशाने एका फ्रेममध्ये तीन कामं केली: त्याला कळलं, त्याला कळलंय हे तिला कळलं नाही, आणि त्याची स्वतःची या व्यवहारातली भूमिका त्याच्याच तोंडासमोर धरली गेली. ज्या घराच्या किल्लीवर त्याची बढती आली, त्याच घरात हे घडत होतं. किल्लीचंही तसंच. शेवटी शेल्ड्रेक घराची किल्ली मागतो तेव्हा बॅक्स्टर त्याच्या हातात वरिष्ठांच्या खास प्रसाधनगृहाची किल्ली ठेवतो. बढतीबरोबर मिळालेला मान त्याने परत केला, आणि राजीनाम्याचं भाषण करावं लागलं नाही. त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि मूळ पटकथा ही तिन्ही ऑस्कर या चित्रपटाला मिळाली. पटकथेचं का, ते या दोन वस्तूंमधूनच कळतं.

पेरणी आणि फेड याबद्दल आपल्याकडे खूप बोललं जातं. बरेचदा ती गणितासारखी शिकवली जाते, पहिल्या अंकात ठेवलं ते तिसऱ्यात उचललं. त्याने एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. पेरताना ती वस्तू स्वतःच्या जोरावर प्रसंगात हवी. ‘द अपार्टमेंट’च्या मध्यावर बॅक्स्टर फ्रॅनला सांगतो की एकदा प्रेमभंगातून त्याने पिस्तूल घेऊन आत्महत्या करायचं ठरवलं आणि गोळी गुडघ्यात गेली. तिने स्वतः जीव द्यायचा प्रयत्न केल्यानंतरचं ते बोलणं आहे, तिला हसवण्यासाठी, धीर देण्यासाठी सांगितलेलं. त्या क्षणी ते इतकं पुरेसं आणि खरं असतं की पुढच्यासाठी पेरलंय असा संशयही येत नाही. शेवटी ती त्याच्या जिन्यावर असताना आतून ठॉ असा आवाज येतो, ती धावते, आणि दार उघडल्यावर त्याच्या हातात शॅम्पेनची उसळणारी बाटली. पहिल्यांदा पाहताना काळजात धस्स होतं. दुसऱ्यांदा पाहताना तो आवाज यायच्या आधीच आपण हसू लागतो, आणि डोळेही भरतात.

वाक्याच्या पेरणीसाठी एर्न्स्ट लुबिच यांचा ‘टु बी ऑर नॉट टु बी’ (१९४२) पाहा. पटकथा एडविन जस्टस मेयर यांची. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सामधली एक नाटक मंडळी. त्यातला नट टुरा गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कर्नल एऱ्हार्टचं सोंग घेऊन एका हेराला बोलण्यात गुंतवतो. हेर सांगतो, लंडनमध्ये तुम्हाला ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प एऱ्हार्ट’ म्हणतात. टुराला पुढे काय बोलावं सुचत नाही, म्हणून तो खदाखदा हसत तेच नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. वाईट नटाचं वाईट सोंग, असं आपल्याला वाटतं. नंतर टुरा त्या हेराचं सोंग घेऊन खऱ्या एऱ्हार्टसमोर जातो, तेच नाव सांगतो, आणि खरा एऱ्हार्ट तस्साच हसतो, तेच शब्द घोळवत. टुरा म्हणतो, तुम्ही असेच वागाल असं वाटलंच होतं मला. एका वाक्यात नटाचा अहंकार सुखावला, आणि ज्याच्या नावाने शहर कापतं तो एका सुमार नटाच्या कल्पनेइतकाच उथळ निघाला. युद्ध ऐन भरात असताना हे लिहिलं गेलं. तेव्हा अनेकांना ते अभिरुचीहीन वाटलं होतं. मला त्यात लेखकाची फार मोठी नैतिक स्पष्टता दिसते.

त्याच चित्रपटात ग्रीनबर्ग नावाचा एक दुय्यम नट आहे. आयुष्यभर भाला धरून मागे उभा राहिलेला, आणि शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला शायलॉक करायचं स्वप्न बाळगणारा. शायलॉकचं ते प्रसिद्ध भाषण तो तीनदा म्हणतो. पहिल्यांदा रंगमंचामागे, हौसेपोटी, आणि आपण हसतो. दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झालेल्या वॉर्साच्या रस्त्यावर, आणि आपण गप्प होतो. तिसऱ्यांदा नाझींच्या पहाऱ्यात, सगळ्यांचा जीव त्या भाषणावर अवलंबून असताना. शब्द तेच, प्रसंग बदलला की अर्थ बदलतो. विनोदी लेखनात पुनरावृत्ती कशी वापरायची याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नुसती तीच ओळ परत आणणं म्हणजे तकियाकलाम. ओळ परत येताना मधल्या काळात काहीतरी गमावलेलं किंवा कमावलेलं असावं लागतं.

आता थोडं हशाच्या जागांबद्दल, कारण जुने चित्रपट ‘संथ’ वाटतात ही तक्रार मी सतत ऐकतो. रंगभूमीवर हशा आला की नट थांबतो, हशा ओसरू देतो आणि पुढचं वाक्य टाकतो. चित्रपट थांबू शकत नाही. म्हणजे थांबण्याची जागा आधीच लिहून, चित्रित करून ठेवावी लागते. ‘सम लाइक इट हॉट’मध्ये आपल्याला बाई समजणाऱ्या धनाढ्य ऑसगुडबरोबर रात्रभर टँगो नाचून आलेला जेरी खोलीत पलंगावर पडून सांगतो की माझं लग्न ठरलं. त्या प्रसंगात वाइल्डर यांनी जेरी झालेल्या जॅक लेमनच्या हातात खुळखुळे दिले. प्रत्येक वाक्यानंतर तो ते वाजवत गुणगुणतो, नाचतो, मग जो पुढचं विचारतो. हे खुळखुळे हशासाठी सोडलेल्या जागा आहेत. नाहीतर पुढचं, तितकंच चांगलं वाक्य प्रेक्षकांच्या आवाजात बुडालं असतं. मार्क्स बंधू या विनोदी नटांनी तर ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९३५) चित्रित करण्याआधी त्यातले प्रसंग घेऊन रंगमंचावर दौरा केला होता, हशा कुठे आणि किती वेळ येतो ते मोजायला. सबनीसही लोकनाट्यातून आलेले, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे; जिवंत प्रेक्षकाचा श्वास त्यांना ठाऊक होता, आणि ‘बनवाबनवी’च्या प्रसंगांची लय त्याची साक्ष देते.

भरलेल्या प्रेक्षागृहासाठी सोडलेली ही जागा फोनवर एकट्याने बघताना रिकामी वाटते. दोष चित्रपटाचा नसतो. म्हणून निदान एक पाहणी चार माणसांबरोबर करा, आणि त्यात एक तरी जण असा हवा ज्याने तो चित्रपट पाहिलेला नाही. त्या वेळी पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघा. तो कुठे पुढे झुकतो, कुठे हसण्याआधी श्वास रोखतो, हे पाहून पटकथेबद्दल जितकं कळतं तितकं कुठल्याही वर्गात कळत नाही.

याच्या बरोबर उलट्या टोकाला ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०). दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी तिथे हशासाठी थांबायचंच नाही असं ठरवलं. पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हे शक्य झालं कारण वाक्यांच्या आरंभी आणि शेवटी असे शब्द ठेवलेले आहेत जे ऐकू आले नाहीत तरी चालतात. कामाचं सगळं मध्ये आहे. हा चित्रपट पाहताना डोळे मिटून दहा मिनिटं नुसता ऐका. संवाद लिहिणाऱ्याने हे एकदा तरी करावंच.

आणि आवाज बंद करून काय पाहायचं? चॅप्लिन यांचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) तर मूकपटच, पण त्यातला कळीचा प्रसंग एका आवाजावर उभा आहे, जो आपल्याला ऐकू येत नाही. आंधळ्या फुलवालीला भटक्या, म्हणजे चॅप्लिन यांचं पात्र, श्रीमंत वाटला पाहिजे. कसा? चॅप्लिन या एका प्रश्नावर फार दिवस अडून बसले होते, असंख्य टेक झाले. उत्तर सापडलं ते गाडीच्या दारात: रहदारीतून वाट काढताना भटक्या एका आलिशान गाडीतून आरपार बाहेर पडतो, दार लागतं, आणि तिला वाटतं कुणी शेठ उतरले. थोड्या वेळाने गाडीचा खरा मालक येऊन बसतो, गाडी निघून जाते, आणि तिला वाटतं शेठ उरलेले पैसे न घेताच गेले. भटक्या तिथेच, श्वास रोखून. त्याने खोटं बोलायचं ठरवलेलंच नाही. गैरसमज तिच्या ऐकण्यातून जन्मला आणि तो मोडायचं त्याच्या जिवावर आलं. पुढच्या सगळ्या चित्रपटभर आपण या माणसाला माफ करत राहतो, त्याचं कारण या एका मिनिटात आहे.

जे जुनं झालंय त्याबद्दलही बोललं पाहिजे. रंग, वजन, तोतरेपणा, बायकी हावभाव यांवरचे विनोद आज अनेक लाडक्या चित्रपटांत खुपतात, आणि खुपायलाच हवेत. पटकथेच्या अंगाने पाहिलं तर एक नियम सहसा खरा ठरतो: ते विनोद काढून टाकले तर गोष्टीचा एकही धागा तुटत नाही. गोष्ट तिथे थांबून कुणाला तरी चिमटा काढत असते. उलट ‘सम लाइक इट हॉट’मध्ये लिफ्टमध्ये जेरीला चिमटा बसतो तेव्हा तो पुरुषाला बसलेला असतो, आणि सोंगामुळे त्याला पहिल्यांदाच दुसरी बाजू कळते. जो तर बाई बनून वाद्यवृंदातल्या गायिकेचं, शुगरचं दुःख ऐकतो, पुरुष बनून त्याच माहितीचा गैरफायदा घेतो, आणि शेवटी बायकी वेशातच जाऊन तिच्यासमोर खरा होतो. सोंगाने माणूस बदलला, म्हणून तो विनोद टिकला.

शेवटच्या प्रसंगाकडे वेगळं लक्ष द्या, कारण विनोदी चित्रपटाचा शेवट लिहिणं महाकठीण. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये कुंदन शाह आणि सुधीर मिश्रा यांनी महाभारताच्या रंगमंचावर सगळ्यांना एकत्र आणून हसून हसून दमवलं, आणि त्यानंतर दोन्ही प्रामाणिक फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावर आणले. पहिल्यांदा तो शेवट अंगावर येतो. पुन्हा पाहताना कळतं की तो पहिल्यापासून तिथेच होता: बाकी प्रत्येक पात्राकडे विकायला काहीतरी आहे, या दोघांकडे फक्त पुरावा आहे, आणि त्या जगात पुराव्याला गिऱ्हाईक नाही. तिथे गोड शेवट केला असता तर आधीचे सगळे विनोद खोटे पडले असते.

‘सम लाइक इट हॉट’चा शेवट याच्या अगदी वेगळ्या जातीचा. ‘डॅफ्नी’ (बाई झालेला जेरी) लग्न मोडायला एकामागून एक कारणं सांगते. केस खरे सोनेरी नाहीत, सिगारेट ओढते, तीन वर्षं एका सॅक्सोफोनवाल्याबरोबर राहिले आहे, मूल होणार नाही. ऑसगुड प्रत्येक कारण हसत माफ करतो. कारणं लहानापासून मोठ्याकडे चढत जातात, त्याचं माफ करणं मात्र त्याच सुरात राहतं, आणि मग जेरी विग उतरवून मी पुरुष आहे म्हणतो. ऑसगुडचं उत्तर जगप्रसिद्ध आहे: कुणीच परिपूर्ण नसतं. ते वाक्य डायमंडना सुचलं, आणि दोघांनीही ते ‘याहून बरं सुचेपर्यंत असू दे’ म्हणून ठेवलं होतं. बरं काही सुचलंच नाही. मला वाटतं सुचणं शक्यही नव्हतं. सगळ्या चित्रपटात ज्याची स्वतःची एकही अट नाही असा माणूस फक्त ऑसगुड आहे. ज्याची अटच नाही त्याला फसवता येत नाही. दोन तास चाललेलं सोंग त्याच्यापुढे येऊन निकामी झालं, आणि गोष्ट तिथे संपलीच पाहिजे.

करायचं कसं, ते आता सांगतो. एकच चित्रपट निवडा, शक्यतो संवाद पाठ असलेला. पहिल्यांदा काहीही न लिहिता पूर्ण पाहा आणि हसू आलं तर हसा. मग काही दिवस जाऊ द्या आणि न पाहता, आठवेल तशी त्याची प्रसंगवार यादी करा. आठवणीतून गळलेले प्रसंग हा तुमचा पहिला धडा: ते गळले कारण कमकुवत होते की कारण इतके सफाईदार होते की शिवण दिसली नाही, हे पुढच्या पाहणीत तपासायचं. त्या पाहणीत दर प्रसंगाला थांबून कुणाला काय हवंय, कुणापासून काय लपवायचंय, आणि प्रसंग संपताना कुणाला नवीन काय कळलं, एवढंच लिहा. विनोद लिहून काढू नका. ते लक्षात राहतातच. पहिली दहा मिनिटं झाली की तोवर दिसलेल्या सगळ्या वस्तूंची नोंद करा आणि शेवटी त्यातल्या किती परत आल्या ते बघा. पटकथा छापील मिळत असेल तर ती सगळ्यात शेवटी वाचा, म्हणजे पडद्यावरचं काय कागदावर होतं आणि काय नटाने आणलं ते वेगळं करता येईल.

सुरुवात ‘गोलमाल’पासून करा असं मी सुचवेन. त्यातली खोट्याची साखळी उघड आहे, कड्या मोजता येतात, आणि चित्रपट पुन्हा पुन्हा थांबवला तरी रुसत नाही. ‘द अपार्टमेंट’ त्यानंतर. त्यात सांधे शोधायला वेळ लागतो, आणि हात थोडा बसल्यावर ते शोधण्यात जास्त गोडी आहे.